डब्यातले हात

होगाडे बाईंनी मला मनगटाला धरून ओढतच नेलं. सोमवार होता. शाळेची प्रार्थना नुकतीच संपली होती आणि मी अजून खुर्चीला टेकलोही नव्हतो. त्यांच्या वर्गामागच्या लहान खोलीत संगणक चालू होता. पडद्यावर फोल्डरांची यादी होती. बाईंनी दोन नावांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं विचारलं, कुठे गेलं?

मी खाली वाकून पाहिलं. ‘जुन्या खुणा’ नावाचं फोल्डर तिथं नव्हतं.

आमची शाळा कर्णबधिर मुलांची, इचलकरंजीतली. बाई स्वतः जन्मापासून बहिऱ्या, कोष्ट्याच्या घरातल्या. अठरा वर्षं त्या शाळेत शिकवत होत्या. मी तिथं कार्यालयात होतो. संगणक, झेरॉक्स, दाखले आणि खुणांच्या भाषेतलं बोलणं पोचवणं अशी सगळी कामं एकाच पगारात करायचो. खुणा मी कुठं शिकायला गेलो नव्हतो. माझे वडील, आण्णा, बहिरे होते. मी बोलायच्या आधी हात हलवायला शिकलो.

त्या फोल्डरात काय होतं ते सांगायला हवं. आमच्या गावात मागांचा खडखडाट असा की कारखान्यात कानाला तोंड लावून बोललं तरी शब्द कळत नाही. त्यामुळे जुन्या काळी बहिऱ्या माणसांना मागावर काम पटकन मिळायचं, आणि त्यांच्याबरोबर राहून ऐकू येणारे कामगारही खुणांनी बोलू लागायचे. तार तुटली, धोटा अडकला, मालक आला, चहा आला, पोरगी बघायला चाललोय, सगळं हातानं. या खुणा शाळेतल्या पुस्तकात नव्हत्या. जी म्हातारी माणसं त्या वापरायची ती एकेक करून जात होती. बाईंनी ठरवलं, हे राहिलं पाहिजे. सहा वर्षं त्या सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन गल्ल्यांतून फिरल्या. अडतीस म्हाताऱ्या माणसांना त्यांनी बोलतं केलं. आण्णा त्यांतले एक. चाळीस मिनिटं ते कॅमेऱ्यासमोर बोलले होते, आणि त्यानंतर चार महिन्यांनी गेले.

ते चित्रण मी पूर्ण पाहिलं नव्हतं. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं पाहिली, मग कुणीतरी हाक मारली. नंतर बघू म्हटलं. डब्यात आहे, जातंय कुठं.

डबा म्हणजे कार्यालयातल्या कपाटावर ठेवलेली नेटवर्कची हार्डडिस्क. मीच ती बसवली होती. शाळेतल्या पाचही संगणकांचा बॅकअप रोज संध्याकाळी सहाला आपोआप तिच्यात जायचा. त्याच डिस्कवर मी एक सामायिक जागाही उघडून दिली होती. ज्याला जे मोठं ठेवायचं असेल ते तिथं ठेवा. बाईंच्या संगणकात व्हिडिओ मावत नव्हते. त्या थेट डब्यात टाकायच्या आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, इथं ठेवलं की सुरक्षित ना? मी कुलूप लावल्याची खूण केली होती.

खरं म्हणजे ते कुलूप नव्हतं. डबा संगणकांची प्रत ठेवत होता, पण डब्यात थेट ठेवलेल्या गोष्टीची प्रत कुठंच नव्हती. बॅकअपच्या डब्यात आहे एवढ्यावरच सगळे निर्धास्त होते. शिवाय एकाच डिस्कवर दोन पाहुणे ठेवायचे तर मध्ये भिंत घालावी लागते, बॅकअपला एवढी जागा, फाइलींना एवढी. ती मी घातली नाही. जागा भरपूर आहे असं वाटलं. बॅकअपची भूक मात्र कधी भागत नाही. तो जुन्या प्रती ठेवत जातो, नव्या घेत जातो आणि शेजाऱ्याच्या अंगावर पसरत जातो. मला हे माहीत होतं. दुसरी डिस्क घ्या म्हणून मी सचिवांना दोनदा सांगितलं होतं, तोंडी.

त्या सोमवारी मी बाईंना म्हटलं, थांबा, बघतो. डब्याची आतली नोंद उघडली. कोणी कोणती फाइल ठेवली, कोणी उचलली, कोणी पुसली, सगळं त्यात तारखेनिशी असतं. ‘जुन्या खुणा’ शुक्रवारी सकाळी अकरा चाळीसला पुसलं गेलं होतं. पुसणाऱ्याचं नाव होतं ‘सचिव’.

मी त्या पानाची छापील प्रत काढली, घडी करून खिशात घातली आणि सचिवांच्या केबिनमध्ये गेलो.

सचिव इंगवले पेरू खात होते. टेबलावर मीठ-तिखटाची पुडी होती. ते पेरू चावायचे, बिया जिभेवर गोळा करायचे आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर थुंकायचे. त्या थुंकलेल्या बिया तिथं ओल्या चमकत होत्या. मी उभा राहून बोलत होतो आणि ते मान हलवत होते. मध्येच त्यांनी करंगळीच्या नखानं दातातली बी काढली, ती पाहिली आणि पुन्हा तोंडात घातली.

झालं होतं ते असं. गेल्या महिन्यात त्यांची साठी झाली होती. तीन कॅमेरे आणि वर उडणारा ड्रोन लावून तिचं चित्रण झालं होतं. ते सगळं त्यांच्या शाळेतल्या संगणकावर होतं. कारण तिथं शाळेचा माणूस, म्हणजे मी, फुकटात फिल्म जोडून देणार होतो. मी रोज थोडं जोडायचो, ते रोज बदल सांगायचे, आणि डबा रोज संध्याकाळी इमानेइतबारे प्रत्येक बदललेल्या फिल्मची नवी प्रत घ्यायचा. साहेबांच्या गळ्यातला हार, साहेबांच्या पायाशी वाकलेल्या शिक्षिका, ड्रोनमधून दिसणारं साहेबांचं टक्कल. डबा त्यानंच भरला. मग त्यांच्या पडद्यावर रोज पाटी यायला लागली की बॅकअप होऊ शकला नाही, जागा शिल्लक नाही. त्यांनी मला सांगितलं, ही पाटी घालव. मी म्हटलं, तुमची फिल्म संगणकावरून हलवावी लागेल. ते त्यांना रुचलं नाही. मी गुरुवार-शुक्रवार आण्णांच्या वर्षश्राद्धासाठी रजेवर गेलो, आणि त्यांनी स्वतःच सामायिक जागा उघडून सगळ्यात मोठं फोल्डर शोधलं आणि पुसून टाकलं.

नेटवर्कवरच्या डिस्कवरून पुसलेलं कचराटोपलीत जात नाही. ते जातंच. आणि मोकळी झालेली जागा त्याच संध्याकाळी सहा वाजता साठीच्या फिल्मनं भरून काढली होती.

“ते हातवारे होय?” सचिव म्हणाले. “मला वाटलं, कायतरी जुनंपानं पडलंय. उघडून बघितलं तर म्हातारी माणसं नुसती हात हलवाय लागलीत. आवाज बी न्हाई त्याला.”

आवाज नाही, असं ते बहिऱ्या मुलांच्या शाळेचे सचिव म्हणाले. त्यांना ते बोलताना काही वाटलं नाही.

मग त्यांनी पेरूचा देठ बियांच्या शेजारी ठेवला आणि हात रुमालाला पुसत सगळं मांडून दाखवलं. पुढच्या महिन्यात एक संस्था या खुणांच्या कामाला मदत देण्यासाठी पाहणी करायला येणार होती. आता दाखवायला काही नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीत प्रश्न निघणार. सचिवांच्या हातून झालं म्हटलं तर शाळेचं नाव जातं. बाईंच्या हातून झालं म्हटलं तर एका बाईची चूक, ती काय, होतेच. आणि तिसरंही एक आहे, ते म्हणाले. डबा कुणी बसवला? भिंत का काय ती कुणी घातली न्हाई? दुसरी डिस्क मागितली म्हणतोस, लेखी हाय का?

लेखी नव्हतं.

“हे बघ महावीर,” ते म्हणाले, “ती नोंदबिंद मला काय कळत न्हाई. समितीतल्या कुणालाच कळत न्हाई. तू सांगशील तेच खरं.” मग खण उघडून त्यांनी एक कागद माझ्याकडं सरकवला. माझा कायम नेमणुकीचा आदेश. सहा वर्षं दर मार्चमध्ये मला नवं पत्र मिळायचं, अकरा महिन्यांचं. या कागदावर महिने नव्हते. सही तेवढी राहिली होती. कागदाच्या कोपऱ्याला त्यांच्या बोटाचं तिखट लागलं होतं.

त्या आठवड्यात मी डबा घेऊन कोल्हापूरला गेलो. पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस तिथं होता. त्यानं दोन दिवस खटपट केली आणि काही तुकडे काढून दिले, तीन सेकंदांचे, चार सेकंदांचे. एकात कुणाचा तरी कोपर होता. एकात एका घराची भिंत आणि तिच्यावर हलणारी हातांची सावली. हात चौकटीच्या बाहेर राहिले होते. आण्णांचं काहीच नव्हतं. बाईंना मी तुकडे दाखवले. नोंद अजून बघतोय, म्हटलं. त्यांनी ते एकदा पाहिले आणि संगणक बंद केला.

शनिवारी दुपारी समिती बसली. पाच जण होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, मोजकं बोलणारे, सज्जन. सचिव त्यांच्या उजवीकडे. बाई समोर, आणि मी मध्ये, टेबलाच्या कडेला, दोन्हीकडचं बोलणं पोचवायला. मला वाटतं त्या खोलीत बसलेल्या कुणाच्याही मनात आलं नाही की बाईंचं प्रत्येक वाक्य माझ्या तोंडातून येणार आहे, आणि त्यांच्यापर्यंत जाणारं प्रत्येक वाक्य माझ्या हातांतून. सचिवांच्या तेवढं लक्षात आलं होतं.

अध्यक्षांनी विचारलं, फोल्डर शेवटचं कुणी उघडलं होतं? मी विचारलं. बाईंनी सांगितलं, बुधवारी मी उघडलं होतं, एक चित्रण टाकलं आणि बंद केलं. हे मी नीट सांगितलं. मग सचिव म्हणाले की घाईघाईत चुकून पुसलं जाऊ शकतं, बाईंना संगणकाची फारशी माहिती नाही. हेही मी जसंच्या तसं हातांनी सांगितलं.

बाई ताठ बसल्या. त्यांचे हात भराभर पण स्वच्छ चालत असत, मुलांना शिकवणाऱ्या माणसाचे चालतात तसे. त्या म्हणाल्या, “मी पुसलं नाही. महावीरला विचारा. डबा सगळी नोंद ठेवतो, कोणी पुसलं ते त्यात दिसतं. त्यानंच मला एकदा दाखवलं होतं. तो बघून सांगेल.”

पाच माणसं माझ्याकडं बघत होती. छापील कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता.

मी म्हणालो, “बाई म्हणतात, त्यांना नक्की आठवत नाही. त्यांच्या हातून चुकून झालंही असेल.”

माझा आवाज अगदी सहज निघाला. हेच मला आजवर पचलेलं नाही. कापरा झाला नाही, अडखळला नाही. वर्षानुवर्षं मी आण्णांचं बोलणं दुकानदारांना, डॉक्टरांना, बँकेतल्या कारकुनांना सांगत आलो होतो, त्याच सवयीच्या आवाजात मी हे वाक्य बोललो.

अध्यक्षांनी समजुतीनं मान हलवली. माणसाकडून चुका होतात, म्हणाले, बाईंनी दोन ओळी लिहून द्याव्यात, विषय इथंच मिटवू. सचिवांनी चष्मा काढून पुसला.

मी बाईंकडं वळलो आणि हात उचलले. मी म्हटलं, नोंद पाहिली, तिच्यात काही सापडत नाही. ते म्हणतात, चुकून झालं असेल तर लिहून द्या, विषय संपेल.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडं पाहिलं, उलटसुलट करून, कुणाचे तरी दुसऱ्याचे असावेत तसं. बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, “माझ्याच हातून झालं असेल का?”

मी म्हटलं, “असेल.”

त्यांनी लिहून दिलं. शुद्ध, वळणदार अक्षरात, माझ्या निष्काळजीपणामुळे वगैरे. बाहेर पडताना व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं आणि बोटं हनुवटीला लावून हात माझ्याकडं पुढं केला. धन्यवाद. इतक्या लोकांपुढं माझं बोलणं नीट सांगितलंस, म्हणाल्या. तुझे वडील असते तर खूश झाले असते.

मी शाळेच्या मोरीत गेलो. तोंड धुतलं आणि कार्यालयात आलो, कारण सहा वाजता बॅकअप सुरू व्हायचा होता आणि तो झाला की नाही हे बघायचं माझं काम होतं.

माझ्या आदेशावर सही झाली. सचिवांनी मला पेढा भरवला, स्वतःच्या हातानं, बोटं माझ्या ओठांना लागेपर्यंत. तो मी गिळला. शाळेच्या स्नेहसंमेलनात साठीची फिल्म दाखवली गेली. मुलं पडद्याकडं बघत बसली होती, आणि फिल्मला संगीत लावलं होतं, मोठ्या आवाजात, त्यांतल्या एकालाही ऐकू न येणारं. ते संगीत मीच निवडलं होतं. मागच्या रांगेतल्या दोन मुलांनी आपापसात सचिवांच्या चालण्याची नक्कल केली. मला वाटलं, या खोलीत तेवढीच दोन माणसं स्वच्छ आहेत.

बाईंनी पुन्हा कॅमेरा हातात घेतला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. मी कायम झालो होतो. आता सोडणार कोण, असं मी स्वतःला सांगायचो आणि दुपारी डबा उघडून जेवायचो. इंगवल्यांची पाठ दिसली की मला शिसारी यायची. आरशातही तेच व्हायचं, पण दाढी तर करावी लागते.

तीन वर्षांनी समिती बदलली, इंगवले गेले. तेव्हा कुठं मला कंठ फुटला. यात मी काही धैर्य केलं असं कुणी समजू नये. नव्या अध्यक्षांपुढं मी तो छापील कागद ठेवला, घडीवर पिवळा पडलेला, आणि सोबत माझा राजीनामा. त्यांनी दोन्ही वाचले, राजीनामा ठेवून घेतला. बाईंचा माफीनामा त्यांच्या फाइलीतून काढून टाकला आणि तसं एक पत्र दिलं. खुणांचं काम एका तरुण शिक्षिकेकडं देण्यात आलं. अडतिसांपैकी तेव्हा सोळा जण हयात होते. बाईंनाच बोलवा, असं मी म्हटलं होतं. बोलावलं होतं, पण बाई नाही म्हणाल्या होत्या.

ते पत्र आणि कागद घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. दार त्यांच्या भाचीनं उघडलं. बाई आत होत्या. भाचीनं दारातच मला हलक्या आवाजात सांगितलं की आत्याचा स्वभाव आता विचित्र झालाय, फोनमधलं काही म्हणजे काही पुसत नाही. फोन भरला की नवा घ्यावा लागतो, दुसऱ्या कुणाच्या संगणकाला तर हातही लावत नाही.

बाई बाहेर आल्या. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यांना आनंद झाला, खराखुरा. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, चहा ठेवायला सांगितला. मी घरून ठरवून आलो होतो. त्यांच्या हातून काहीच झालं नव्हतं हे एकदा त्यांना कळलं की त्यांच्या मनावरचा दगड उतरेल, आणि त्याबरोबर माझ्याही. येताना बसमध्ये तर मला चक्क हलकं वाटत होतं.

मी कागद पुढं केला. त्यांनी वाचला. शुक्रवार, अकरा चाळीस, सचिव. पुन्हा वाचला. मग अध्यक्षांचं पत्र वाचलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी दोन्ही तळहात चेहऱ्यावर दाबून धरले. मीही रडलो. एखादं मिनिट असं गेलं की मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

त्यांनी चेहऱ्यावरून हात काढले आणि विचारलं, “हे तुला कधी सापडलं?”

मी म्हटलं, “त्याच सोमवारी.”

“मीटिंगच्या आधी?”

“हो.”

चहा आला, भाची कप ठेवून गेली. मग बाईंचे हात पुन्हा उठले, अगदी सावकाश. “मी मीटिंगमध्ये म्हणाले होते, महावीरला विचारा. तेव्हा तू तोंडानं काय बोललास?”

तो प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. तिथं दुसरं कुणी नव्हतं, आणि मला त्याची सवय होती. मी सांगितलं. शब्द न् शब्द, जसा बोललो होतो तसा, त्यांच्याच खुणांत त्यांना परत दिला.

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी हात पुढं केले. माझी बायको-मुलं, नेमणूक, इंगवल्यांची धमकी, माझी चूक, सगळं सांगायचं होतं, आणि शेवटी माफीची खूण करायची होती. मी पहिलं वाक्य सुरू केलं असेल नसेल, आणि बाईंनी डोळे मिटले.

ऐकू येणाऱ्या माणसापुढं तुम्ही ओरडून बोलू शकता, रडू शकता, दाराबाहेरून हाका मारू शकता. त्यानं कानात बोटं घातली तरी काहीतरी पोचतं. बाईंनी डोळे मिटले आणि मला बोलायला काही उरलंच नाही. माझे हात तसेच अर्धवट वर राहिले. त्या ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, चेहरा माझ्याकडं, पापण्या घट्ट. मी वाट पाहिली. चहावर साय धरली. आतून भाची एकदा डोकावली, आमच्याकडं पाहिलं आणि परत गेली.

मी उठलो तेव्हाही त्यांनी डोळे उघडले नाहीत.